बिदरी हुक्क्याची नळी कशाची असे?

आमच्या मंडळाच्या वस्तुप्रदर्शनासाठी दोन वर्षांपूर्वी सुलतान बझार भागातल्या एका जुन्या मराठी घरातून एक बिदरी भांडं आलं. काळंभोर, घंटेच्या आकाराचं, अंगावर चांदीच्या पत्र्याची फुलं. घरच्या काकूंनी ते देताना सांगितलं, "आमच्या सासूबाईंची फुलदाणी आहे, जपून ठेवा." आत खरंच निशिगंधाच्या दांड्यांचे वाळलेले तुकडे होते. ती फुलदाणी नव्हती, हुक्क्याचा तळ होता. काकूंना हे सांगायला मला दोन दिवस लागले, कारण त्यांच्या सोवळ्यातल्या सासूबाईंच्या वस्तूला हुक्का म्हणायचं धाडस होत नव्हतं.

त्यांची चूक मात्र नव्हती. आपल्याकडच्या हुक्क्याच्या तळाला तोंड एकच असतं, वरचं. पश्चिम आशियातल्या शिशाला मधल्या खांबाला बाजूने भोक असतं आणि त्यात नळी अडकवतात, त्यामुळे नळी नसली तरी भोक बघून वस्तू ओळखू येते. इथे तसं काही नाही. दोन नळ्या एकत्र बांधून त्याच एका मानेतून आत जातात. एक चिलमीखालून थेट पाण्यात बुडते. दुसरी पाण्याच्या वरच थांबते आणि तिथला धूर बाहेर ओढणाऱ्याच्या तोंडाकडे नेते. मानेतली फट ओल्या चिंध्यांच्या गुंडाळीने बुजवायची, कापड भिजलं की फुगतं आणि सांधा आपोआप घट्ट होतो. हा सगळा वरचा संसार गेला की खाली उरते ती सुरेख फुलदाणीच.

आणि तो संसार जातोच. बिदरी म्हणजे जस्त आणि थोडं तांबं यांचा मिश्रधातू. त्यावर चांदी जडवून बिदरच्या किल्ल्यातली माती आणि नवसागर यांच्या लेपाने तो काळा करतात. चांदी तशीच चमकत राहते. असं भांडं दोन-अडीचशे वर्षं सहज टिकतं. नळी मात्र तार, साल, कापड आणि दोरा यांची. तिला वाळवी, उंदीर, दमट कपाट आणि धाकटी सून, सगळेच शत्रू. इथल्या सालारजंग संग्रहालयात बिदरी हुक्क्यांचे तळ पाहून घ्या, एकापेक्षा एक आहेत. पण वापरातली अस्सल लांब नळी शोधायला गेलात तर बहुतेक वेळा चित्रांकडेच जावं लागतं.

म्हणून आम्ही ठरवलं की प्रदर्शनात तळाशेजारी नळीही ठेवायची, आणि ती मी घरी करायची. मी पेशाने मेकॅनिकल इंजिनियर. उमेदीची पंचवीस वर्षं कारखान्यात पंप आणि होज पाइप यांच्यात गेली, तेव्हा 'एक नळीच तर आहे' असं वाटणं साहजिक होतं. त्या भ्रमातून बाहेर यायला चार महिने लागले. शेवटी जुन्या कारागिरांबद्दल जे कळलं, ते कुठल्या पुस्तकातून नव्हे, फसलेल्या नळ्यांतून कळलं.

आधी शब्दांकडे वळू, कारण पहिलं साहित्य शब्दातच लपलेलं आहे. हुक्क्याच्या नळीला जुना शब्द नैचा. मराठी कागदांत नेचाही म्हणतात. फारसीत 'नय' म्हणजे बोरू किंवा वेळूसारखी पोकळ काडी आणि 'चा' हा लहानपणा दाखवणारा प्रत्यय. म्हणजे नैचा ही छोटी बोरूची काडी. आपला 'नळ' हा शब्दही मुळात तसल्याच गवताचा. दोन्ही भाषांनी पाण्याकाठचं तेच पोकळ गवत उचललं. सुरुवातीची नळी सरळ आणि ताठ होती. अकबराचा सरदार असदबेग विजापूरला आदिलशहाकडे वकील म्हणून आला होता. गोव्यातल्या पोर्तुगीजांमुळे तंबाखू तोवर दख्खनेत पोचला होता. असदबेगाने तो तिथे पाहिला आणि १६०४च्या सुमारास दरबारात नजर केला. सोबत दिलेल्या चिलमीची दांडी त्याच्या वर्णनाप्रमाणे तीन हात लांब होती, मुखाशी येमेनी अकीक होता.

ताठ दांडीची अडचण उघड आहे. हुक्का जिथे, तिथेच माणसाने बसायचं. लोडाला टेकून रेलायचं असेल, हौद्यात किंवा पालखीत बसून ओढायचं असेल, तर नळी वाकली पाहिजे. तिथून ती सापासारखी लांब नळी आली. तिला सटक म्हणत, आणि अशा वळणदार नळीच्या हुक्क्याला पेचवान. इंग्रजांनी तिला सरळ 'साप' म्हटलं. कलकत्त्यात १७७९ साली वॉरन हेस्टिंग्जच्या घरच्या मेजवानीच्या निमंत्रणात पाहुण्यांनी हुक्काबरदाराखेरीज दुसरा नोकर आणू नये अशी सूचना होती. हे वाचून मला आधी हसू आलं होतं. नळी स्वतः करायला घेतल्यावर कळलं, ती सांभाळायला खरंच एक माणूस लागतो.

आता मुख्य मुद्द्याकडे. नळी कशाची करायची हे ठरवायच्या आधी तिला काय सोसायचं आहे ते पाहू.

कारखान्यातले होज पाइप बहुतेक आतल्या दाबाने फुटतात, म्हणून त्यांना बाहेरून विणलेली जाळी असते. हुक्क्याच्या नळीचं उलटं. इथे आत दाब नाही, ओढ आहे. ओढणारा माणूस नळीतली हवा काढून घेतो आणि बाहेरची हवा नळीला चपटी करायला बघते. ही ओढ किती? मुख्य अडथळा पाण्याचा. चिलमीची नळी पाण्यात ४ सेंटीमीटर बुडाली असेल, तर बुडबुडा निघण्याआधी तेवढी ओढ लावावीच लागते. आकडा क्षुल्लक वाटतो, पण नुसतं मऊ चामडं किंवा कापड तेवढ्यानेही मिटतं. त्यात वळण आलं की मोड पडते आणि सगळंच बंद. पंपाच्या सक्शन होजमध्ये याच कारणासाठी तारेचं वेटोळं घालतात. नैचा बांधणारे कारागीर, ज्यांना नैचाबंद म्हणत, तेही आत तारेचं वेटोळंच घालत. मला हे माहीत असायला हवं होतं. पगार त्याचाच घेत होतो.

पण आधी सोपा मार्ग धरला. गवंडी लेव्हल काढायला वापरतात ती पारदर्शक प्लास्टिकची नळी, आतून ८ मिलिमीटर. अडीच मीटर आणली. सरळ असताना उत्तम. तळाच्या मानेशी वळवली की तिथेच मोडली, आणि एकदा मोड पडलेल्या जागी पुन्हा पुन्हा मोडत राहिली. बेगमबझारच्या एका जुन्या दुकानदाराला दाखवली तर तो म्हणाला, "ये नली सो जाती साब." नळी झोपते! इंजिनियरिंगच्या पुस्तकात याला भलंमोठं नाव आहे, पण यापेक्षा नेमकं नाही. शिवाय तिचा वास. नव्या रेनकोटचा वास असतो ना, तसाच. हुक्क्यात गुडाखू असे, गूळ आणि तंबाखू कालवलेला. त्याचा धूर ओलसर आणि चिकट. असला धूर जिच्यातून न्यायचा त्या नळीला स्वतःचा वास असून चालत नाही, आणि एकदा मुरलेला वास तिने सोडूनही द्यायला हवा. प्लास्टिक दोन्हीत नापास. इथे एक गैरसमज दूर करतो. पुष्कळांना वाटतं की धुराच्या उष्णतेने प्लास्टिक वितळेल. तसं होत नाही. पाण्यातून आलेला धूर नळीत शिरताना खोलीच्या हवेपेक्षा फारसा गरम नसतोच.

मग धुलाई यंत्राच्या सांडपाण्याची पन्हाळीदार नळी. ती झोपत नाही, हवी तशी वळते. पण आतल्या प्रत्येक वळीत पाण्याचा थेंब अडकतो, तो कितीही झटकला तरी निघत नाही. चार दिवसांनी तिला कुबट वास आला. प्रदर्शनात ती ठेवली असती तर लोक नळाचं काम चालू आहे असं समजले असते, हे वेगळंच.

चामडं? ढोलकी-तबले मढवणाऱ्या ओळखीच्या कारागिराकडून बकरीच्या चामड्याच्या पट्ट्या आणल्या. तो माझा शुद्ध अडाणीपणा. वाद्याचं चामडं कच्चं असतं, वाळल्यावर ताठ आणि टणक व्हावं म्हणूनच ते तसं ठेवतात. तारेवर गुंडाळलं तेव्हा ओलं होतं, छान बसलं. सकाळी नळीची काठी झाली होती. नळीला कमावलेलं पातळ चामडं लागतं, पश्चिम आशियात मेंढीचं किंवा बकरीचं तसंच वापरत आले. त्याचं दुखणं म्हणजे आतून धुता येत नाही. धुतलं की बुरशी, नाही धुतलं की काजळी.

आपल्याकडच्या कारागिरांनी याला जो तोड काढला तो वाचला तेव्हा मी खुर्चीतून उठलो. भूर्जपत्र! ज्या सालीवर काश्मिरात पोथ्या लिहिल्या गेल्या, तीच साल हुक्क्याच्या नळीच्या अस्तराला वापरत. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञांनी तिचा हा उपयोग नोंदवून ठेवला आहे. आता साहित्य म्हणून तिच्याकडे बघा. कागदासारखे पातळ पदर सुटतात. वाकवली तर तुटत नाही. अंगचं मेणचट द्रव्य असल्यामुळे पाणी शोषत नाही आणि सहजी कुजत नाही, म्हणून तर पोथ्या टिकल्या. ओलसर धुराच्या नळीला आतून याहून चांगलं काय मिळणार होतं? हिमालयातली साल दख्खनेत आणायची म्हणजे व्यापाराची किती मोठी साखळी लागत असेल. आपण मात्र हुक्क्याचा इतिहास सांगताना चांदीच्या फुलांपाशीच थांबतो.

मी भूर्जपत्र वापरलं नाही. पूजेच्या सामानाच्या दुकानात छोटे तुकडे मिळतात, पण हिमालयातली ही झाडं साल सोलून सोलून आधीच कमी होत चालली आहेत. एका प्रदर्शनाच्या हौसेसाठी मीटरभर साल मागवणं बरं वाटेना. त्याऐवजी मेणकापड केलं. पातळ मलमल, वितळवलेल्या मधमाशीच्या मेणातून काढलेली.

शेवटी जमलेली नळी अशी. १० मिलिमीटर जाडीच्या सळईवर १८ गेजची पितळी तार गुंडाळली, दोन वेढ्यांतलं अंतर मध्यापासून मध्यापर्यंत ४ मिलिमीटर. दोन मीटरच्या नळीला पाचशे वेढे होतात आणि साडेसतरा मीटर तार लागते, वजन पावणेदोनशे ग्रॅमच्या आसपास. सळई काढल्यावर वेटोळं थोडं सैल होतं, ते गृहीत धरा. वेढे अगदी चिकटून घातले तर नळी जड होते आणि आतल्या बाजूला वळायला जागाच उरत नाही. फार लांब घातले तर दोन वेढ्यांमध्ये कापड आत खचतं. लोखंडी तार घेऊ नका, पहिल्याच ओल्या धुराने गंजते.

या वेटोळ्यावर मेणकापडाची पट्टी, अर्धी पट्टी अर्ध्या पट्टीवर चढेल अशी. पहिल्या खेपेला पट्टी सरळ फाडली होती, नळी वाकवली की बाहेरच्या बाजूला ताण येऊन फटी पडायच्या. दोन दिवस माझी चिडचिड ऐकून बायको म्हणाली, "उरेब काप ना." ब्लाउजच्या गळ्याला उरेब पट्टी का लावतात हे मला लग्नाच्या सत्ताविसाव्या वर्षी कळलं. तिरपं कापलेलं कापड ताणलं जातं आणि परत येतं. उरेब पट्टी लावल्यावर नळी हव्या त्या बाजूला वळली, फटी गेल्या. त्यावर एक थर सुती दोऱ्याचा घट्ट वेढा, सगळ्यात वर रेशमी कापड, टोकांना थोडी जर.

वरचं कापड नुसतं शोभेचं समजू नका. हुक्का ताजा करणं म्हणजे पाणी बदलणं आणि नैचा भिजवणं. आपल्या हैदराबादच्या मे महिन्यात हवा गरम आणि कोरडी. अशा हवेत माठ जसा गार होतो, वाळ्याचा पडदा जसा खोली गार करतो, तशीच ओल्या कापडाची नळी आतल्या धुराला गार करते. म्हणजे आत पाणी न शोषणारं अस्तर आणि बाहेर पाणी धरून ठेवणारं कापड. दोन उलट गुण, एकाच नळीत, मध्ये दोऱ्याचा वेढा. हे ज्याने पहिल्यांदा जुळवलं त्याला आम्ही कारखान्यात नक्की बढती दिली असती.

लांबी आणि आतली पोकळी यांचंही गणित आहे. नळीचा अडथळा लांबीच्या पटीत वाढतो, पण व्यासाच्या चौथ्या घाताने कमी होतो. १२ ऐवजी ८ मिलिमीटर पोकळी घेतली तर अडथळा पाचपट. माणूस एका झुरक्यात अर्धा लिटर हवा अडीच सेकंदांत ओढतो असं धरलं, तर आतून गुळगुळीत असलेल्या ८ मिलिमीटरच्या दोन मीटर नळीत ७-८ मिलिमीटर पाण्याइतकी ओढ खर्च होते. १० मिलिमीटरची असेल तर तीनच, आतल्या वेढ्यांचा खडबडीतपणा धरून दुप्पट म्हणा. तळातल्या ४० मिलिमीटर पाण्यापुढे हे काहीच नाही. म्हणजे पोकळी नीट ठेवली तर चार मीटर नळीसुद्धा ओढायला जड जात नाही. चित्रांतल्या बेगमांच्या हातातल्या लांबच लांब नळ्या चित्रकाराची अतिशयोक्ती नसाव्यात, असं मी आता मानतो.

आणखी एक तर्क मांडतो, तज्ज्ञांनी तपासावा. सतराव्या शतकातले बिदरी तळ गोल चेंडूसारखे, कड्यावर ठेवायचे. अठराव्या शतकात ते घंटेच्या आकाराचे, रुंद बुडाचे झाले. याचं श्रेय सहसा आवडीनिवडीच्या बदलाला देतात. मी काकूंच्या तळावर माझी नळी चढवून दुसरं टोक हातात घेऊन नुसता कूस बदलली, तेव्हा जाणवलं की ही पावणेदोनशे ग्रॅम तार आणि त्यावरचं ओलं कापड मानेला बाजूने चांगलंच ओढतं. घंटेचा तळ हलला नाही. गोल तळ कड्यातून नक्की कलंडला असता. लांब जड नळीचा वापर वाढला आणि बूड रुंद झालं, असं असू शकेल.

आता एक गोष्ट जी मी प्रदर्शनात मुद्दाम लिहून ठेवली. नळी तपासायला मी लेव्हलच्याच जुन्या नळीचा यू-आकार करून रंगीत पाणी भरलं, हुक्क्याच्या नळीचं एक टोक बुजवलं आणि ४ सेंटीमीटर ओढ लावली. प्लास्टिकच्या नळीत पाणी जागचं हललं नाही. माझ्या हातच्या नळीत काही सेकंदांत उतरलं. मी खट्टू झालो आणि मेणाचे आणखी दोन हात दिले. नंतर वाचनात आलं की बैरुतच्या अमेरिकन विद्यापीठातल्या संशोधकांनी नेमकं हेच तपासलं होतं. चामड्याच्या नळीच्या अंगातून बाहेरची बरीच हवा आत झिरपते आणि धूर पातळ होतो. त्याच हुक्क्याला प्लास्टिकची हवाबंद नळी लावली की ओढणाऱ्याच्या छातीत जाणारा कार्बन मोनॉक्साइड खूपच वाढतो. हा वायू पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे 'पाण्याने धूर गाळला जातो' या समजुतीला अर्थ नाही. म्हणजे मी ज्याला दोष समजून मेणाने बुजवत होतो, तीच गळती जुन्या ओढणाऱ्याला थोडी तरी हवा देत होती. जुनी नळी निरोगी होती असं मी म्हणत नाही. पण आज बाजारात स्वस्त, धुता येणारी, वास न धरणारी सिलिकॉनची नळी मिळते आणि हौशी मंडळी तीच 'सुधारणा' म्हणून जुन्या तळाला लावतात, तेव्हा नळीबरोबर नेमकं काय बदललं हे त्यांना ठाऊक असावं. महाराष्ट्रात २०१८ पासून आणि आपल्या तेलंगणात २०२४ पासून हुक्का पार्लरवर बंदी आहे. आमची नळी बघण्यासाठी आहे, ओढण्यासाठी नाही. तिच्यातून पाणी आणि हवा यांखेरीज काही गेलेलं नाही.

मुखाशी लागणारी मुहनाल मी केली नाही, लाकडाची एक तात्पुरती खुंटी लावली. मुहनाल काढता-घालता येई आणि ज्याची त्याची वेगळी असे, खिशात घालून नेण्यासारखी. धातूच्या आणि दगडाच्या असल्यामुळे त्या टिकल्याही. संग्रहालयात शेजारीशेजारी ठेवलेले तळ आणि मुहनाल म्हणजे एका वस्तूची दोन टोकं आहेत, मधलं सगळं गेलेलं.

प्रदर्शन संपल्यावर काकूंना तळ परत केला, नळीसकट. त्यांनी नळी दिवाणखान्यातल्या कपाटावर ठेवली आहे. निशिगंध अजून त्याच भांड्यात असतो.

आपल्यापैकी कुणाच्या घरी काळी, रुंद बुडाची, अरुंद मानेची अशी फुलदाणी किंवा दिव्याची बैठक असेल, तर एक करून पाहा. मानेत टॉर्च मारा आणि आतली कड बोटाने चाचपा. चिंध्यांची गुंडाळी वर्षानुवर्षं दाबून बसवलेली असेल तर कड आतून गुळगुळीत झालेली लागते. कपाटाच्या मागे तारेचं सैल वेटोळं, सालीचे पापुद्रे किंवा कापड गुंडाळलेली काठी सापडली, तर ती कचऱ्यात टाकू नका. झटकूही नका. जशी आहे तशी फोटो काढून मंडळाकडे पाठवा. भूर्जपत्राचं अस्तर असलेला एक तुकडा जरी हाती लागला तरी माझी मेणकापडाची नळी मी आनंदाने मोडीत काढीन.